कोजागरीनंतर निघायचं होतं

महाराष्ट्राच्या नकाशावर साडेतीन शक्तिपीठं पेन्सिलीनं जोडली की एक वेडावाकडा पण पुरता बंद आकार तयार होतो. तुळजापूरहून पूर्वेला औसा, लातूर, नांदेड करत माहूर. तिथून वाशिम, जालना, छत्रपती संभाजीनगर, चांदवडवरून वणीचा सप्तशृंग गड. मग नाशिक, पुणे, सातारा, कऱ्हाड असं खाली उतरत कोल्हापूर, आणि शेवटी मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर या वाटेनं पुन्हा तुळजापूरचा घाट. सगळं मिळून दीड हजार किलोमीटरच्या वर भरतं. धाराशिवच्या माणसाला या रेघेचं अप्रूप असं, की ती त्याच्या दारातून निघते आणि फिरून त्याच्याच दारात येते. नोकरीत होतो तोवर ही रेघ मी कितीदा तरी मारली आणि खोडली. निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ लावलं, त्याच महिन्यात गिअरची सायकल घेतली, आणि रेघ खोडायची थांबलो.

सरकारच्या मनातही एक रेघ आहे. वर्धा जिल्ह्यातून गोव्याच्या हद्दीपर्यंत आठशेच्या वर किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग तीन पीठांना जोडत जाणार म्हणतात, आणि ज्यांच्या जमिनी त्यात जाणार ते शेतकरी पेटून उठलेत. तो झालाच तर मला त्याचा काही उपयोग नाही. समृद्धी महामार्गावर मोटारसायकलीला जाऊ देत नाहीत, तिथं सायकल कोण सोडणार? माझी वाट जुन्या रस्त्यांची, गावांच्या पोटातून जाणारी.

तयारी मी मास्तरकीच्या सवयीनं केली, म्हणजे आधी वही घातली. एका बाजूला सराव: तुळजापूरपर्यंत जाऊन येणं, रविवारी येडशीचा घाट, रामलिंगच्या जंगलाला वळसा घालून येरमाळ्यापर्यंत. दुसऱ्या बाजूला सामान. चेन तुटली तर जोडायचं हत्यार, जादा स्पोक, दोन ट्यूब, पंक्चरचं सोल्यूशन आणि ठिगळं, तंबू, छोटा स्टोव्ह, कणीक, डाळ-तांदूळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. यादी वाढत गेली तसा मला आनंद होत गेला. त्या वहीमागची खरी इच्छा काय होती ते आज लख्ख दिसतं: वाटेत कुणाच्या दारात उभं राहायची वेळ येऊ नये. पूर्वी लाज फक्त पैसे मागायची असे. अलीकडे आपल्याला पाणी मागायचीही वाटायला लागली आहे. बाटली विकत घेऊन चालू लागलं की कुणाचं देणं लागत नाही. सायकलवाल्याला तर या न लागण्याचा गर्वच असतो. पेट्रोल नको, तिकीट नको, आपले पाय आणि आपण.

निघायचा दिवस आईनं ठरवला. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते, ती आश्विन पौर्णिमेला जागी होते. तिचा पलंग नगरच्या बाजूनं पायी येतो, माणसांच्या डोक्यावरून. श्रमनिद्रा म्हणतात त्या झोपेला, महिषासुराशी लढून आलेला शीण. "देवी उठल्याबिगर कुठं निघतोस?" एवढंच आई म्हणाली. तेव्हा कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. दसरा झाला. सगळं सामान लादून एक शेवटची फेरी तेवढी उरली होती. त्यासाठी तेरचा रस्ता निवडला.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, तेरणेच्या काठचं. पण या रस्त्यावर सायकल चालवताना मला नेहमी आठवतो तो एक अनामिक ग्रीक दर्यावर्दी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या गावाचं नाव आहे, तगर. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथला माल गाड्यांवर लादून, जिथं धड रस्तेही नाहीत अशा मुलखातून भडोचच्या बंदराला जातो, अशी त्याची नोंद. दहा दिवसांत पैठण म्हणजे रोजचे पंधरा-सोळा किलोमीटर झाले. त्या गाडीवानांचे किती आख मोडले असतील, किती बैल बसले असतील, हे त्यानं लिहिलेलं नाही. मालाच्या याद्यांत मोडतोड येत नाही. तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या पाहताना एवढा नाजूक माल त्या वाटांनी सुखरूप कसा जात असेल याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आश्विनात आमच्याकडचे रस्ते अर्धे शेतकऱ्याचे असतात. सोयाबीन निघालेलं असतं आणि डांबरासारखी सपाट, कडक, तापलेली जागा दुसरी नाही. कडेला दगडांची ओळ मांडून एक बाजू अडवतात आणि त्यावर दाणे पसरतात. वळणापलीकडून टेम्पो आला. त्याला वाट द्यायला मी दगडांच्या आत घेतलं आणि पुढचं चाक छर्ऱ्यांवर ठेवल्यासारखं बाजूला निघून गेलं. पडण्याला जो वेळ लागतो त्यात काहीही करता येत नाही, एवढंच करता येतं: हात पुढे जातो. माझा डावा गेला. मग कोपर, गुडघा, आणि हेल्मेट डांबराला लागल्याचा टक् असा कोरडा आवाज.

"आवं बसा बसा, उठू नगा लगेच!" दाणे वर-खाली करायचं फावडं टाकून एक बाई धावत आल्या, मागून त्यांचा माणूस. त्यांनी कळशीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं, पदरानं कोपर टिपलं. टेम्पोवाला थांबला, त्यानं आणि त्या गृहस्थांनी सायकल उचलली, सामान टेम्पोत घातलं आणि मला पुढे बसवलं. मी तोंडानं "काही नाही, काही नाही" म्हणत होतो. डाव्या हातानं टेम्पोचं दार ओढता येईना, तेही त्यांनीच लावून घेतलं. टेम्पो वळला तेव्हा मावशी वाकून माझ्यामुळे उधळलेले दाणे गोळा करत होत्या.

घरी आल्यावर बरेच जण म्हणाले, रस्त्यावर धान्य घालणाऱ्यांवर गुन्हेच दाखल करायला हवेत. मला तसं वाटत नाही. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. केंद्रावर यंत्र लावून बघतात, जास्त भरला तर माल परत. व्यापाऱ्याकडे नेलं तर ओलं म्हणून भाव पाडतो. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत येतो. पूर्वी प्रत्येक शेतात सारवलेलं खळं असे. मळणीयंत्रं आली, खळी गेली, आणि सपाट जागा उरली ती बांधकाम खात्यानं केलेली. म्हणजे माझ्या मनगटाचा संबंध त्या बाईंच्या निष्काळजीपणाशी नसून बाजारातल्या बारा टक्क्यांशी आहे. गावोगाव एकेक सिमेंटचं खळं झालं तर रस्तेही मोकळे होतील आणि दाणेही. हे काही महामार्गाइतकं खर्चाचं काम नव्हे.

डॉक्टरांनी फोटो काढला. फोटो स्वच्छ होता. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो तिथं बोटानं दाबलं. मी खुर्चीतून उडालो. "हेच बघायचं होतं," ते म्हणाले. त्या खळग्याखाली एक काजूएवढं, होडीच्या आकाराचं हाड असतं, स्कॅफॉइड. मनगटातल्या लहान हाडांपैकी हातावर पडणारे लोक बहुधा तेच मोडून घेतात. त्याची चीर पहिल्या फोटोत बऱ्याचदा दिसतच नाही. आणि त्याला रक्तपुरवठा असा आडून-आडून होतो की दुर्लक्ष झालं तर ते जुळायचं नाव घेत नाही. तेव्हा मोडलंय असं धरून चालायचं, अंगठ्यासकट कच्चं प्लास्टर घालायचं, दोन आठवड्यांनी दुसरा फोटो. "तोवर सायकल?" मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, प्लास्टर भिजवायला घेतलं.

न मोडलेलं हाड मोडलंय असं धरून चालणं फार अवघड. मोडलं असतं तर दौरा रद्द करून मोकळा झालो असतो, लोकांची सहानुभूतीही पुरी मिळाली असती. मोडलं नसतं तर तारीख चार दिवस पुढे. आता दोन्ही नव्हतं. डाव्या हाताला सुटी मिळाली आणि कळलं की शर्टाची गुंडी, बाटलीचं झाकण, टूथपेस्टची ट्यूब, चपलेचा पट्टा ही सगळी दोन हातांची कामं आहेत. चेन जोडायचं हत्यार बाळगणारा माणूस मी, पण पायजम्याची नाडी बांधायला बायकोला हाक मारू लागलो. तिनं एकदाच टोमणा मारला. "देवीसुद्धा लढाईनंतर पाच दिवस पडून असते. तुम्हाला काय धाड भरलीय पडून राहायला?"

पडून राहिलो. भेटायला माणसं येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा आपलं दुखणं बरोबर घेऊन येतो. शेजारच्या काकांनी कुठल्याशा साली रॉकेलच्या रांगेत पडून खुबा मोडला ते सांगितलं, जुन्या सहकाऱ्यानं हळद लावून हाड बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. मुलानं पुण्याहून फोनवर शांतपणे विचारलं, "बाबा, आता नाही ना जाणार?" त्या प्रश्नातला ‘ना’ मी ऐकला आणि विषय बदलला. एकटी आई काही म्हणाली नाही. तिला पडण्याचं विशेष वाटत नाही. आडावर पाणी भरण्यात जिचा जन्म गेला तिच्या हिशेबी पडणं चालण्यातच धरलेलं असतं.

रिकामपणी मी पडलेल्यांची माहिती वाचली. भारत पन्नू हे लष्करी अधिकारी 2019 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’साठी अमेरिकेत पोचले. सुमारे 4,800 किलोमीटरची, बारा दिवसांच्या मुदतीची शर्यत ही, आणि ती तोंडावर आलेली असताना सरावात पडून त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या वर्षी महासाथीत ती शर्यत घराघरांतून भरली तेव्हा त्यांनी खोलीत एका जागी खिळलेल्या सायकलवर ती पुरी केली. श्रीनिवास गोकुळनाथ या लष्करातल्या डॉक्टरांना 2016 साली ती अर्ध्यात सोडावी लागली, 2017 साली त्यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थही पार झाले. त्याच्याही आधी, 2015 साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं ती पुरी केली होती. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 साली, वयाची विशी उलटायच्या सुमारास, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅनडात मागे अस्वल लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी ती 29,000 किलोमीटर पुरे करूनच थांबली.

असं वाचून उभारी येते म्हणतात. मला तशी ती आली नाही. ही हिमतीची माणसं, त्यांच्यामागे गाड्या, फिजिओ, वैद्यकीय पथकं (वेदांगीच्या मागे अशी फौज नव्हती, ती गोष्ट निराळी). मला जास्त जवळची वाटली ती मुंबईची पारशी पोरं. 15 ऑक्टोबर 1923 ला व्यायामशाळेतले सहा मित्र सायकलींवर जगाच्या सफरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं 1928 च्या मार्चमध्ये परत मुंबईला पोचले, सुमारे 71,000 किलोमीटर करून. वाळवंटं, बर्फाचे घाट, जंगलं, हिवताप, सगळं आलं त्यात. त्या वेळी ना गिअर, ना नकाशा दाखवणारा फोन. त्यांच्या सफरीबद्दल वाचताना जाणवतं की ती सामानावर पार पडली नाही. वाळवंटातले मेंढपाळ, रेल्वेचे गँगमन, कुठले कुठले फौजदार आणि सराईवाले यांच्यावर पार पडली. निम्मं जग अनोळखी माणसांच्या चुलीवर जेवत त्यांनी पालथं घातलं. माझ्या वहीत चुलीसाठी वेगळा रकाना होता, स्टोव्हचा.

कोजागरीला डॉक्टरांना विचारून मी पायी तुळजापूरला निघालो. सायकल नाही तर नाही, पाय शाबूत होते. खरी गर्दी सोलापूरच्या बाजूनं असते. तिकडे त्या दिवसांत वाहनं दुसऱ्या रस्त्यानं वळवतात आणि सोलापूरपासून घाटापर्यंत रस्ताभर माणसंच माणसं, विजयपूर-कलबुर्गीकडून चार-चार दिवस चालत आलेली. धाराशिवकडची वाट त्यामानानं विरळ, वीस-बावीस किलोमीटरची. तरी रात्रभर ती मोकळी नव्हती. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात एखादी कापडी पिशवी, पायात बहुतेकांच्या काही नाही. ‘आई राजा उदो उदो’चा गजर मागून येई, पुढे जाई. जागोजागी तरुण मंडळांचे मांडव. चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, एका ठिकाणी सतरंजीवर ओळीनं पोरं बसलेली आणि येईल त्याचे पाय तेल लावून रगडणारी. कुणाचा कोण, कुठून आला, विचारत नव्हते.

एका मांडवात बायकांनी केळी वाटायला घेतली होती. माझ्या पुढ्यात आलेलीनं प्लास्टर बघितलं, काही न बोलता केळ सोललं आणि सोललेलं हातात दिलं. मी ‘नको, जमेल’ म्हणायच्या आत ती पुढच्याकडे गेली होती. मास्तर म्हणून आयुष्यभर मी देणाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो. त्या बाजूला उभं राहणं सोपं असतं. घेणाऱ्याच्या बाजूची सवय मात्र करावी लागते, आणि दीड हजार किलोमीटरच्या प्रवासाला पायांइतकीच तीही लागणार होती. तिचा सराव मी कुठल्याच रविवारी केला नव्हता.

सायकल मधल्या काळात आमच्या सायकलवाल्या चाचांच्या दुकानात होती. चाचांनी जन्मभर ॲटलस, हिरो, हर्क्युलस दुरुस्त केलेल्या. माझ्या पोरसवदा सायकलीकडे ते जरा संशयानंच बघायचे. पुढच्या चाकाला आऊट आला होता, तो त्यांनी स्पोक-कीनं काट्यावर काढला. हँडल सरळ केलं. अडलं ते मागे. गिअर बदलणारा भाग ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती हँगर वाकली होती. ती मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमची करतात, पडल्यावर सायकलीच्या सांगाड्याऐवजी ती वाकावी म्हणून. चाचांना ही कल्पना फार आवडली. "म्हणजे हिचं कामच मोडायचं," ते म्हणाले आणि मोडणाऱ्या पट्टीला हातात फिरवून बघत राहिले. दर सायकलीची पट्टी निराळी. धाराशिवात मिळाली नाही, सोलापुरातही नाही, शेवटी मागवून घ्यावी लागली, आणि मी एकाऐवजी दोन मागवल्या. हेल्मेटला बारीक तडा होता. त्यातला फेस एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, एका आपटीपुरताच तो असतो. ते टाकून नवं घेतलं. जुनं फेकवेना म्हणून आईनं त्यात कोथिंबीर लावली.

दुसरा फोटोही स्वच्छ निघाला. हाड शाबूत होतं, दुखावले होते ते त्याला बांधणारे अस्थिबंध. प्लास्टर निघालं तेव्हा हात पांढराफटक, सुरकुतलेला आणि पोराच्या हातासारखा हलका झाला होता. रबरी चेंडू दाबणं, टॉवेल पिळणं, वाटीनं पाणी उचलणं असा अभ्यास सुरू झाला. लांबच्या प्रवासात तसंही तळहात हा नाजूक भाग. तासन्‌तास हँडलवर भार पडला की करंगळीकडची नस दबते आणि शेवटची दोन बोटं बधिर होतात. म्हणून चाचांकडून हँडल इंचभर वर घेतलं, जाड मुठी बसवल्या, टायरमधली हवा थोडी कमी ठेवली. वेग जरा गेला. तो मला नकोच होता.

पाय तयार, हात तयार, सायकल तयार. भीती मात्र तयारीत नव्हती. पहिल्यांदा येडशीचा घाट चढलो तेव्हा काहीच वाटलं नाही. उतरायला लागलो आणि दोन्ही ब्रेक इतके आवळून धरले की खाली पोचेपर्यंत तापलेल्या रिमला हात लावता येईना. कडेला पडलेला एखादा वाळका पाला, एवढीशी वाळू, उसाच्या ट्रॉलीतून सांडलेलं वाढं, काहीही दिसलं की डोळे तिथंच चिकटत, आणि सायकलीचा नियम असा की डोळे जिकडे तिकडे चाक. रामलिंगची माकडं कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा उतरलो. रस्त्याऐवजी लांब, वळणापलीकडे बघायला शिकावं लागलं, म्हणजे तरुणपणी जे आपोआप जमत होतं ते. पूर्वीसारखा उतार मला आता लागत नाही. घाटात हात थोडे आखडलेलेच असतात. तसेच राहोत. सप्तशृंग गडाचा नांदुरीकडून चढणारा दहा किलोमीटरचा रस्ता कधीतरी उतरायचाही आहे, तिथं हे आखडणं उपयोगी पडेल.

या दिवसांत रस्त्यावर आणखी एक तयारी दिसते, तिच्यापुढे माझी वही पोरखेळ. कळंब, वाशी, भूमकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पालाचे बांबू, पत्रे, पाण्याचं पिंप, कोंबड्यांची दुरडी, एखादी शेळी, त्यावर दुलया आणि दुलयांवर लेकरं. पाच-सहा महिन्यांचा संसार तासाभरात लादलेला असतो. त्यांतल्या कुणी हौसेनं निघत नाही, आणि कुणी ‘तब्येत बरी नाही, पुढच्या महिन्यात निघतो’ असं म्हणू शकत नाही. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. माझी तारीख माझ्या मनगटासाठी पुढे सरकली, ही चैन आहे हे मला ठाऊक आहे. त्यांना हात केला तर पोरं दोन्ही हात हलवतात.

सामान पुन्हा भरायला घेतलं तेव्हा तंबू आपोआप बाजूला पडला. मग स्टोव्ह, मग डाळ-तांदूळ. राहिलं ते ट्यूब, ठिगळं, जादा हँगर, दोन कपडे, पांघरूण, मीठ-साखरेची पाकिटं, आणि सोलापूरची कडक भाकरी न् शेंगाचटणी. ही जोडी आठवडे टिकते. तिच्याइतकं प्रवासी अन्न कुठल्या कारखान्यात अजून निघालेलं नाही. वहीतला सामानाचा रकाना निम्मा झाला आणि दुसरा वाढला, माणसांचा. मास्तरांचे विद्यार्थी कुठं नसतात? औशाला एक दुकानदार, नांदेडला एक कंडक्टर, जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत एक, कऱ्हाडला एक पोलीस. कित्येकांना वीस-वीस वर्षांत फोन केला नव्हता. "सर, कुठं उतरायचं ते मी सांगतो, तुम्ही फक्त या," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणाला. मी प्रत्येकाला हो म्हणालो. पूर्वी म्हणालो नसतो.

मुलाशीही बोलणं झालं. त्यानं अटी घातल्या, मी दोन मान्य केल्या. अंधार पडायच्या आत रस्ता सोडायचा, कारण गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा क्वचितच असतो. आणि रोज रात्री आईला फोन करायचा, त्याला नव्हे, म्हणजे त्याला आजीकडून खरं कळेल.

पांडव पंचमीला सकाळी तुळजापूरहून निघतो आहे. पहिला मुक्काम लातूर, मग अहमदपूर, मग नांदेड, पुढे माहूर. ज्यांच्या घरच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावून घ्यावी, थोड्या पैशांत मिळते. रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं दिसलं तर दुचाकीवाल्यांनी उतरून ढकलत पुढे जावं आणि मावशींना नमस्कार करावा. आणि या वाटेवर कुठं पिवळ्या पिशव्यांची सायकल आणि तिच्यावर एक पांढऱ्या मिश्यांचा मास्तर दिसला तर हात करा. थांबेन. चहाही घेईन.